नळाभोवतीची फट

घर पाहावयास गेलेला मनुष्य भिंतीची जाडी विचारतो, छपराकडे मान वर करून पाहतो, दाराच्या चौकटीवर बोटाने टिचकी मारून लाकडाची पारख करतो. परंतु ज्या ठिकाणी भिंतीला मुद्दाम भोक पाडून एखादी वस्तू आत आणलेली असते, त्या ठिकाणी वाकून पाहणारा शंभरांत एखादाच निघावयाचा. वास्तविक घराचे जे काय बिघडते, ते पुष्कळदा तेथूनच बिघडावयास आरंभ होतो. सलग बांधलेल्या भिंतीतून उंदीर किंवा विंचूकाटा सहसा येत नाही. ही सारी मंडळी नळाचा, विजेच्या तारेचा अथवा मोरीच्या पन्हळीचा आधार धरून आत येतात. आजच्या लेखात या नळाभोवतीच्या फटीविषयीच चार शब्द लिहावयाचे आहेत. विषय अगदीच क्षुल्लक असे प्रथमदर्शनी वाटेल, तथापि ज्या मुलखात मी राहते तेथे या क्षुल्लक गोष्टीवर कधीकधी एखाद्या जिवाचे बरेवाईट अवलंबून असते.

आमचे बिऱ्हाड बरीच वर्षे आलापल्लीस आहे. गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण भागात, अहेरी तालुक्यात हे गाव येते. १९८२ साली गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. त्यापूर्वी हा सारा प्रदेश चांद्याच्या, म्हणजे चंद्रपूरच्या, जिल्ह्यात मोडत असे. येथील सागवानाची कीर्ती वाचकांच्या कानावर असेलच. भामरागडकडे जाणाऱ्या रस्त्यावर सहा हेक्टरांचा एक तुकडा १९५३ पासून मुळीच न तोडता राखलेला आहे. त्यास ‘वनवैभव’ असे म्हणतात, आणि २०१४ साली त्याला महाराष्ट्रातील पहिले जैवविविधता वारसास्थळ म्हणून मान मिळाला. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांकरिता २०२३ साली जे सागवान गेले, तेही याच दोन जिल्ह्यांतील वनांतले. असल्या गावी राहावयाचे म्हणजे घराला दारे-खिडक्या उत्तम सागाच्या असणार हे उघडच आहे. सागाच्या गाभ्याला वाळवी सहसा शिवत नाही, कारण त्या लाकडातच तिला न मानवणारी द्रव्ये असतात. त्यामुळे आमच्याकडील पुष्कळ गृहस्थ दारे भक्कम आहेत एवढ्यावर निर्धास्त असतात. पण ज्यांच्यापासून घर राखावयाचे, ती मंडळी दार ठोठावून थोडीच येणार!

पूर्वी या बाजूच्या घरांत भिंतीतून नळ जात नसे. पाणी विहिरीवरून अथवा हातपंपावरून डोक्यावरून यावयाचे. भिंतीला भोक असे ते एक मोरीचे, आणि ते सर्वांच्या डोळ्यांसमोर असे. शिवाय जमीन शेणामातीची असल्यामुळे ती दर दोन-चार दिवसांनी सारवावी लागे. माझ्या सासूबाई सारवण घालताना प्रत्येक कोपऱ्यातून हात फिरवीत आणि कोठे बोटभर बीळ दिसले की तेथेच मातीचा गोळा दडपून पुढे सरकत. ते काम कष्टाचे होते खरे. कंबर मोडून जाई, आणि त्या दिवसांचे गोडवे गाण्याची मला मुळीच हौस नाही. परंतु त्या कष्टांत नकळत एक फायदा होता. घराच्या प्रत्येक वितीवरून कोणाचा तरी हात व कोणाची तरी नजर आठवड्यातून दोनदा फिरत असे.

पुढे फरशी आली, ओटा आला आणि नळ आला. २०१९ साली जलजीवन मिशन सुरू झाल्यापासून तर नळाचा प्रसार फारच झपाट्याने झाला. २०२५ च्या आरंभी देशातील १५ कोटींहून अधिक ग्रामीण घरांत नळ पोहोचल्याची सरकारी नोंद आहे. बायकांच्या डोक्यावरील घागर उतरली, याहून मोठे सुख ते कोणते? परंतु प्रत्येक नळाबरोबर भिंतीत निदान एक भोक आलेच. आमच्या भागात हे भोक पाडण्याची रीत मी जवळून पाहिली आहे. नळ असतो अंगठ्याएवढा आणि छिन्नी-हातोडीने पाडलेले भोक असते नारळ आत जाईल एवढे. नळ आत सरकवावयाचा, तोटी बसवावयाची, पाणी आलेले दाखवावयाचे आणि हत्यारे गोळा करून पुढच्या घरी जावयाचे. भोक बुजवण्याविषयी विचारले तर, “काकू, ते गवंड्याचं काम आहे,” असे उत्तर मिळते. गवंड्यास विचारावे, तर तो म्हणतो, “ज्यानं फोडलं त्यानंच बुजवायला पाहिजे.” घरातील पुरुषमंडळींच्या दृष्टीने नळाला पाणी आले म्हणजे काम संपले. ओट्याखाली अंधार असतो आणि फरशी सारवावी लागत नाही. तेव्हा ती फट कोणाच्याही हाताखाली व नजरेखाली येत नाही, आणि म्हणून ती कोणाचीच नसते.

आता या फटीतून काय काय येते ते क्रमाने पाहू. पहिले पाणी. पावसाळ्यात जोत्याशी पाणी साचले की ते नळाच्या पाठीवरून सरळ आत वाहत येते आणि आतील गिलावा फुगून सुटू लागतो. दुसरी वाळवी. तिला तर धड फटही लागत नाही. सुई जाईल एवढी भेग मिळाली की मातीची नळी बांधून ती वर चढते, आणि सागाची चौकट सोडून आतील पोथ्या, पेट्या व आंब्याच्या फळ्यांची कपाटे पोखरते. म्हणूनच इमारतींना वाळवीपासून राखण्याविषयीच्या भारतीय मानकात नळांचा स्वतंत्र उल्लेख आहे. नळ जेथे जमिनीत शिरतो तेथील माती सभोवार १५ सेंटिमीटर अंतरापर्यंत व साडेसात सेंटिमीटर खोल भुसभुशीत करून मग तीत औषध मुरवावे, असे त्यात सांगितले आहे. तिसरे उंदीर. लहान उंदराला पेन्सिलीएवढे भोक पुरते, कारण डोके गेले की त्याचे बाकीचे अंग मागाहून येतेच. आणि उंदीर आला की त्याच्या मागून चौथा पाहुणा येतो. ‘आयत्या बिळात नागोबा’ ही म्हण आपण माणसांना उद्देशून वापरतो, परंतु आमच्या गावी ती शब्दशः खरी आहे. साप स्वतः बीळ खणीत नाही. त्याला तयार वाट लागते, आणि ती आपण नळाच्या निमित्ताने करून ठेवलेली असते.

काही वर्षांपूर्वीच्या श्रावणातील गोष्ट आहे. शेजारच्या घरी भामरागडकडील एका खेड्यातला माडिया मुलगा शिक्षणाकरिता राहत असे. मुलगा मोठा गुणी, घरच्यासारखाच वागणारा. घरातील मंडळी खाटांवर निजत आणि हा स्वयंपाकघरात ओट्याजवळ सतरंजी टाकून निजे. एके दिवशी पहाटे तो पोट दुखते म्हणून उठला. आदल्या रात्रीचे जेवण बाधले असेल असे वाटून त्यास ओव्याचे पाणी देण्यात आले. तासाभराने त्याला डोळे उघडवेनात आणि घोट गिळवेना. आमच्या सासूबाई ताक मागावयास म्हणून सहज तेथे गेल्या होत्या. त्यांनी त्याच्या मिटत चाललेल्या पापण्या पाहिल्या आणि त्या दारातूनच ओरडल्या, “अहो, हे अपचन नव्हे. याला लांबडं डसलंय! गाडी काढा आधी.” अंगावर कोठे सूज नव्हती, रक्त नव्हते, वेदना नव्हत्या, त्यामुळे प्रथम कोणाचाच विश्वास बसेना. तरी गाडी निघाली. तालुक्याच्या ठिकाणी विषावरील लस टोचण्यात आली, आणि तेथून शंभरांहून अधिक किलोमीटर पुढे जिल्ह्याच्या ठिकाणी त्यास नेऊन श्वासयंत्रावर ठेवावे लागले. पाचव्या दिवशी तो आपल्या श्वासाने श्वास घेऊ लागला. आज तो नोकरीस आहे, ही ईश्वराची कृपा.

डॉक्टरांनी लक्षणांवरून हा मण्यारीचा दंश असे सांगितले. मण्यार रात्री हिंडते. तिचे दात अगदी बारीक असल्यामुळे झोपेतल्या माणसास दंश बहुधा कळतसुद्धा नाही आणि खूणही दिसत नाही. विष मज्जातंतूंवर चालते. प्रथम पोटात दुखणे, मग पापण्या मिटणे, मग गिळता न येणे आणि शेवटी श्वास थांबणे, असा त्याचा क्रम पुष्कळदा आढळतो. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चौघांच्या विषांवर चालणारी एकच लस आपल्याकडे आहे. ती वेळेवर मिळणे आणि श्वास चालू ठेवणे, यांवर सारे अवलंबून असते. मांत्रिकाकडे नेणे, जखम कापणे, ती चोखणे अथवा आवळून बांधणे, यांत अमूल्य वेळ जातो व अपायही होतो. दंश झालेला अवयव हलू न देता रोग्यास तडक दवाखान्यात पोहोचवावे, हाच एक मार्ग होय.

त्या घरी दुपारी ओट्याखाली दिवा धरून पाहिले, तेव्हा नळाच्या भोवताली मूठ जाईल एवढे भोक उघडे होते आणि त्याच्या तोंडाशी उंदराच्या लेंड्या पडल्या होत्या. साप त्याच वाटेने आला याचा पुरावा अर्थातच कोणी देऊ शकत नव्हता. परंतु एक गोष्ट तेव्हापासून माझ्या मनात घर करून राहिली आहे. भोक साऱ्या घराचे होते, आणि दंश मात्र जमिनीवर निजणाऱ्याला झाला. मण्यारीच्या बाबतीत हा योगायोग नव्हे. तिचे दंश मुख्यतः जमिनीवर निजलेल्या माणसांनाच होतात. आपल्या एकत्र कुटुंबांत जमिनीवर कोण निजते, ते प्रत्येकीने आपल्याशीच आठवून पाहावे. आश्रयास राहिलेला विद्यार्थी, कामाची बाई, सुट्टीत जमलेली मुले, एखादी विधवा आत्या. फट बुजवण्याची ज्यांना ऐपत असते त्यांना तिची झळ लागत नाही, आणि ज्यांना झळ लागते त्यांना त्या घरात, “भोक बुजवा हो,” असे म्हणण्याचाही संकोच वाटतो. म्हणून हे काम गृहिणीने आणि गृहस्थाने आपण होऊन करावयाचे असते.

हा प्रश्न काही आमच्या जंगलापुरताच आहे असे नव्हे. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लक्ष, म्हणजे दरसाल सरासरी ५८,००० माणसे दगावली, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वर्तविला आहे. त्यांतील बहुतेक खेड्यांतली, आणि निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली सर्पदंशाची गणना उपेक्षित रोगांत केली, आणि भारत सरकारने २०२४ साली, हे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणावयाचे, असा संकल्प जाहीर केला. लस, दवाखाने, गाड्या ही सरकारची कामे झाली. ओट्याखालचे भोक बुजवावयास मात्र कोणी मंत्री यावयाचा नाही.

बुजवावयाचे म्हणजे सिमेंटचा गोळा थापला की झाले, अशी पुष्कळांची समजूत आहे. तसे ते होत नाही, आणि त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. जुने नळ लोखंडी असत. लोखंड आणि भिंत उन्हाने जवळजवळ सारखीच वाढतात, त्यामुळे तेथे सिमेंट टिके. आजचे नळ पीव्हीसीचे असतात. हा पदार्थ उष्णतेने सिमेंटच्या सहा-सातपट प्रसरण पावतो. आमच्याकडे वैशाखात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. भिंतीला धरून उन्हात असलेला एक मीटर नळ ३० अंशांनी तापला तर सुमारे दोन मिलिमीटर वाढतो, आणि तेवढीच भिंत जेमतेम पाव-तृतीयांश मिलिमीटर. तीन मीटर नळ असेल तर तो भोकाशी सहा मिलिमीटर पुढे-मागे करणार. शिवाय त्याच्या गुळगुळीत अंगाला सिमेंट मुळी धरतच नाही. म्हणून एका उन्हाळ्यात सिमेंट आणि नळ यांच्यामध्ये बारीक कडे सुटते, आणि पहिल्या पावसात पाणी त्याच कड्यातून डोकावते.

यास्तव उत्तम रीत अशी की, नळापेक्षा थोड्या मोठ्या नळाचा तुकडा आधी भिंतीत सिमेंटने पक्का बसवावा. गवंडी त्यास स्लीव्ह म्हणतात. त्याचा उतार किंचित बाहेरच्या बाजूस ठेवावा. मग मूळ नळ त्यातून न्यावा, म्हणजे त्यास हलावयास मोकळीक राहते. दोहोंमधील जागा लवचीक पदार्थाने भरावी. पूर्वी याकरिता डांबरात भिजवलेला ताग ठासून भरीत. आज सिलिकोन अथवा पॉलियुरेथेन भरण्याच्या नळ्या दुकानात मिळतात. मात्र आमच्यासारख्या गावी एवढ्याने भागत नाही, कारण रबर, फोम, ताग हे सर्व उंदीर कुरतडतो. तेव्हा आधी न गंजणाऱ्या तारेचा चोथा, भांडी घासावयास वापरतात तोच, घट्ट कोंबावा आणि त्यावर लवचीक लेप द्यावा. तार दाताला लागली की उंदीर माघार घेतो. नळ आधीच बसलेला असेल तर भोक साफ करून, बाहेरच्या व आतल्या अशा दोन्ही बाजूंनी चोथा भरावा, मधला मोठा भाग सिमेंटच्या मालाने बुजवावा आणि नळाभोवती बोटभर जागा लवचीक लेपासाठी सोडावी. आरंभ नेहमी बाहेरून करावा. पाणी बाहेर असते, तेव्हा ते बाहेरच अडले पाहिजे. आतून कितीही लेप दिला तरी भिंतीच्या पोटात पाणी मुरतच राहते. जागा कोरडी व स्वच्छ हवी, नाहीतर लेप सालीसारखा सुटून येतो. नळाचा सांधा मात्र भिंतीत कधीही पुरू नये. तो गळू लागला तर सारे पुन्हा फोडावे लागेल.

माझी एक पुतणी अमेरिकेत असते. तिच्या घराला तळघर आहे. बर्फ वितळावयास लागले म्हणजे पायाच्या भिंतीतून येणाऱ्या नळाशेजारून पाणी आत येते, असे तिने कळवले, तेव्हा मला मोठी गंमत वाटली. दूध, धान्य, भाषा सारे निराळे, आणि फट मात्र आमच्याच ओट्याखालची! तेथे जमिनीत मुरलेले पाणी बाहेरून भिंत दाबीत असते, त्यामुळे साधे सिमेंट धरण्यापूर्वीच वाहून जाते. त्याकरिता तीन ते पाच मिनिटांत घट्ट होणारे, घट्ट होताना किंचित फुगणारे सिमेंट वापरतात. भोक तोंडाशी अरुंद व पोटाशी रुंद असे कोरून ते आत दाबून धरतात, म्हणजे पाण्याच्या जोराने ते बाहेर पडत नाही. त्या मुलखात तळघराच्या फटींतून आणखी एक अदृश्य पाहुणा येतो. जमिनीतील युरेनियमपासून रेडॉन नावाचा वायू निर्माण होतो आणि तो भेगांतून तळघरात साठतो. धूम्रपानाच्या खालोखाल फुप्फुसाच्या कर्करोगाचे कारण तेथे तोच मानला जातो. त्याला रंग नाही, वास नाही. नुसत्या फटी बुजवून तो पुरता आटोक्यात येत नाही, त्यास खालून ओढून छपराबाहेर सोडावे लागते. तरी त्या उपायाचा एक भाग फटी बुजवणे हाच असतो. मण्यारीच्या दंशाप्रमाणेच त्याचेही येणे माणसाला कळत नाही.

येथे एक सावधगिरीची सूचना देणे अवश्य आहे. बुजवण्याच्या उत्साहात जी वाट मोकळी हवी ती बंद करू नये. शौचकूपाच्या टाकीचा हवेचा नळ, छपराचे पाणी काढून देणारी पन्हळ, आधाराच्या भिंतीत पाणी झिरपण्यासाठी ठेवलेली भोके ही बुजवली तर अनर्थ होईल. मोरीच्या तोंडाला बारीक भोकांची पक्की जाळी बसवावी आणि बाहेरच्या टोकाशी गवत वाढू देऊ नये. एवढे करूनही जमिनीवर निजणाऱ्यास खाट व मच्छरदाणी द्यावी, आणि मच्छरदाणीच्या कडा गादीखाली नीट खोचाव्यात.

आमच्या घरी आता वर्षातून एक दिवस या कामासाठी राखून ठेवला आहे. मृग लागण्यापूर्वी, जूनच्या पहिल्या आठवड्यात, धाकटे भावोजी बॅटरी घेऊन ओट्याखाली शिरतात. मुले बाहेरून जोत्याच्या कडेकडेने फिरून, “येथे नळ, येथे तार, येथे मोरी,” असे ओरडून सांगतात, आणि जाऊबाई हातात कागद घेऊन टिपण करतात. संध्याकाळपर्यंत चोथा, लेप आणि थोडा सिमेंटचा माल यांत काम उरकते. एका लुगड्याच्या किमतीएवढाही खर्च येत नाही. नागपंचमीस पूजा आम्ही करतोच. त्या दिवशी खणू नये, चिरू नये, असा आपला रिवाज आहे आणि तो योग्यच आहे, कारण बिळांत पाणी शिरून बिचारी जनावरे त्या दिवसांत आसऱ्याच्या शोधात असतात. त्यांना मारण्याचे काही कारण नाही. त्यांनी रानात उंदीर खावेत आणि सुखाने नांदावे. आपण फक्त आपल्या घराची वाट त्यांना दाखवू नये, म्हणजे दोघांचेही कुशल राहील.

माझ्या भगिनींना एवढीच विनंती की, हा अंक हातावेगळा केल्यावर एक दिवा घ्यावा आणि आपापल्या ओट्याखाली पाहावे. नळाभोवती बोट जाईल एवढी जागा दिसली, तर ती कोणी फोडली व कोणी बुजवावयास हवी होती याचा निवाडा मागाहून करता येईल. आज रात्री तेथे जवळपास कोण निजणार आहे, एवढे प्रथम पाहावे, आणि त्याचे अंथरूण हलवून मग गवंड्यास निरोप धाडावा.